इसार घेण्याआधी फाईल कुठवर आली ते बघा

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी सविस्तर पत्र लिहिलं आहे. त्यांचे यजमान २०१७ साली अमेरिकन नागरिक झाले आणि २०२१ मध्ये वडिलांच्या आजारपणासाठी गावी परतले. लग्न डिसेंबर २०२२ मधलं. गेल्या वर्षी सासरे वारले, सासूबाई आधीच गेलेल्या. आता दोघांनी तिकडे जायचं ठरवलंय. यजमानांनी गावातूनच, मार्च २०२५ मध्ये, बायकोसाठीचा आय-१३० अर्ज (नात्यातल्या माणसाला तिकडे बोलावण्याचा पहिला अर्ज) ऑनलाईन भरला. यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, साइटवर निकालाला १७ महिने दाखवतात. ताईंच्या नावावर वडिलांकडून आलेली दीड एकर बाग आहे, ६० कलमं, सगळा हापूस. मुंबईचं एक गिऱ्हाईक ५५ लाख द्यायला तयार आहे: ११ लाख आत्ता इसार, उरलेले बारा महिन्यांत खरेदीखताला. जवळ एफडी १४ लाख, म्युच्युअल फंड ६ लाख. ताई शाळेत नोकरीला आहेत. रत्नागिरीतला एक एजंट म्हणतो, दीड लाख द्या, फाईल पुढे सरकवतो. त्या विचारतात: इसार घेऊ का, एजंटला पैसे देऊ का, राजीनामा कधी देऊ?

ताई, तिन्हींचं उत्तर आज तरी 'नाही' असं आहे. यातला इसार सगळ्यात नाजूक, म्हणून आधी तोच घेतो.

इसारपावतीच्या मसुद्याचा तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून दोनदा वाचला. चौथ्या ओळीत आहे, 'ताबा इसारासोबत'. शेवटून दुसऱ्या ओळीत आहे, मुदतीत खरेदीखत करून न दिल्यास इसाराच्या दुप्पट रक्कम परत. या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून बघा. बारा महिन्यांनी काही कारणाने तुम्ही मागे फिरलात तर २२ लाख द्यायचे. त्यांचे ११ सोडले तर उरलेले ११ लाख तुमच्या गाठीचे, म्हणजे एफडीचा मोठा भाग त्यात जाईल. मधल्या काळात इसार सगळा खर्च झाला असेल तर एफडी आणि फंड मिळून २० लाखही पुरणार नाहीत. शिवाय ताबा दिलेला, म्हणजे या हंगामाचा आंबा त्यांचा. बरा हंगाम अडीच लाख सोडतो असं तुम्हीच लिहिलंय.

आता त्या १७ महिन्यांकडे या. हा आकडा म्हणजे वायदा नव्हे. यूएससीआयएस जो काळ दाखवते, त्याचा अर्थ असा की त्या प्रकारचे ८० टक्के अर्ज तेवढ्या काळात निकाली निघाले. पाचातला एक त्याहून जास्त लांबला. आणि १७ महिन्यांनी, म्हणजे ऑगस्ट २०२६ च्या आसपास, हातात पडते ती फक्त अर्जाची मंजुरी, व्हिसा नाही. त्यानंतर फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे फी भरा, कागद अपलोड करा, त्यांनी 'कागद पूर्ण' म्हणेपर्यंत थांबा. मग मुंबईच्या कॉन्सुलेटच्या मुलाखतीची रांग. मुलाखतीत एखादा कागद कमी पडला तर तिथेही काही आठवडे किंवा महिने जातात. सगळं सुरळीत झालं तरी मी २०२६ ची दिवाळी इथेच धरेन, आणि २०२७ चा आंबाही इथे असताना काढावा लागेल या हिशेबाने चालेन. गिऱ्हाइकाची मुदत मात्र ऑक्टोबर २०२६ ला संपते. दोन घड्याळं वेगवेगळी चालतात, आणि दंड लिहिलाय तो तुमच्या घड्याळावर.

परदेशातून अर्ज केल्याने उशीर होतो का, असंही तुम्ही विचारलंय. नवराबायको दोघं गुहागरात राहतात म्हणून फाईल मागे टाकली जात नाही, आणि पुढेही घेतली जात नाही. परदेशातल्या कार्यालयात जाऊन अर्ज द्यायचा आणि काही महिन्यांत मोकळं व्हायचं, ही सोय पूर्वी होती. आता वकिलात असा अर्ज फक्त अपवाद म्हणून घेते. त्यातला एक अपवाद तुमच्या कामाचा आहे: परदेशात काम करणाऱ्या नागरिकाला अमेरिकेत नोकरी मिळाली आणि रुजू व्हायला फार थोडा अवधी दिला. यजमानांची तिकडे नोकरीसाठी बोलणी चालू असतील तर ऑफर लेटरवरची रुजू व्हायची तारीख जपून ठेवा. ते पत्र पुढे आणखी एका ठिकाणी लागणार आहे.

एजंटबद्दल एवढंच. आय-१३० ला जादा पैसे भरून लवकर निकाल लावायची सोयच नाही. तातडीची विनंती करता येते, ती अर्जदार स्वतः करतो, तिला फी नाही आणि ती मोजक्या कारणांसाठीच मान्य होते. दीड लाख कशाचे, हे त्या माणसाला लेखी विचारा.

खर्चाचा आकडा तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. ऑनलाईन अर्जाचे ६२५ डॉलर भरून झालेत. पुढे व्हिसा अर्जाचे ३२५, आर्थिक हमीच्या कागदाचे १२०, आणि व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्डासाठी २३५. सगळे मिळून १,३०५ डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर सव्वा लाखाच्या आत. वर मेडिकल, पोलिसांचा दाखला, मुंबईच्या दोन-तीन खेपा. यासाठी बाग विकायची वेळ येत नाही.

मग बागेचा विचार आला कुठून? पत्रातल्या एका वाक्यात सापडलं: 'तिकडे ७० लाख दाखवावे लागतात असं ऐकलं.' ते ऐकीव असलं तरी अर्धं खरं आहे, म्हणून नीट सांगतो. व्हिसासाठी यजमानांना आय-८६४ नावाचं आर्थिक हमीपत्र द्यावं लागतं. कुटुंबाच्या आकाराप्रमाणे ठरलेल्या गरिबीच्या रेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचं. दोघांसाठी २०२५ चा आकडा वर्षाला २६,४३७ डॉलर. यजमानांच्या इथल्या होमस्टेचं उत्पन्न तुम्ही तिकडे गेल्यावर चालू राहणार नाही, म्हणून ते धरता येत नाही. उत्पन्न नसेल तर मालमत्ता दाखवता येते, आणि नागरिकाच्या जोडीदारासाठी ती तुटीच्या तिप्पट लागते. म्हणजे सुमारे ७९,३०० डॉलर, तेच तुमचे ७० लाख. बाग विकून ५५ आणि जवळचे २० मिळून ७५ होतात, म्हणून गणित जुळल्यासारखं वाटलं.

पण याला सोपा रस्ता आहे. तुमची नणंद न्यू जर्सीत आहे, दोघं नोकरी करतात, दोन मुलं आहेत. ती सहहमीदार होऊ शकते. तिच्या घरची चार माणसं आणि पाचव्या तुम्ही, असा हिशेब केला तर २०२५ साठी ४७,०६२ डॉलर उत्पन्न पुरतं. यजमानांना त्यांचं हमीपत्र तरीही द्यावंच लागेल. नणंदेशी बोलताना एक गोष्ट लपवू नका: ही सही नुसती ओळख पटवण्यापुरती नाही. तुम्ही नागरिक होईपर्यंत किंवा तुमच्या नावावर साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत ती जबाबदारी राहते. तिने आणि तिच्या नवऱ्याने विचार करून हो म्हणावं. आणि यजमानांना नोकरी लागली तर नणंदेची गरजही पडणार नाही. ऑफर लेटर जपायला सांगितलं ते यासाठीही.

खरी अडचण दुसरीकडे आहे आणि तिचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. हमी देणाऱ्याचं कायमचं घर अमेरिकेत हवं, किंवा तुमच्याबरोबर तो तिथे राहायला जातोय हे दाखवता आलं पाहिजे. चार वर्षं गुहागरात राहिलेल्या माणसाला हे कागदांनी सिद्ध करावं लागतं: तिकडचं चालू बँक खातं, लायसन्स, मतदार नोंदणी, भाड्याच्या घराचा करार, नोकरीचं पत्र. आणि टॅक्स रिटर्न. अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहिला तरी उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर त्याला तिकडचं रिटर्न भरावं लागतं, कर शून्य निघाला तरी. २०२१ पासून ती भरलीत का? तुमच्या १४ लाखांच्या एफडीवर यजमानांचं नाव सहधारक म्हणून असेल, तर परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर जाते आणि त्याची वेगळी माहिती दरवर्षी द्यावी लागते. राहिलं असेल आणि चूक अनवधानाने झाली असेल, तर मागची तीन रिटर्न आणि सहा वर्षांच्या खात्यांची माहिती एकदम भरून दंडाशिवाय नियमित होता येतं. खर्च करायचाच तर इथे करा. दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या सीएला दिलेले पैसे एजंटच्या दीड लाखापेक्षा हजारपट उपयोगी पडतील.

आता बागेबद्दल. तिकडे गेल्यावर तुम्ही अनिवासी भारतीय व्हाल. अनिवासी भारतीयाला वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, विकता येते, पण नवीन शेतजमीन घेता येत नाही. यजमानांचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड आहे, त्यांनाही नाही. पुढे परत आलात तरी महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, आणि ही एकच जमीन विकली तर सातबाऱ्यावरचं नाव, म्हणजे तो पुरावाच, हातातून जातो. (गिऱ्हाइकाचाही सातबारा मागितलात ना? तो शेतकरी नसेल तर हा व्यवहार पुढे अडकेल.) फंड विकले तर पुन्हा घेता येतात, एफडी मोडली तर पुन्हा करता येते. कलमांचं तसं नाही. वडिलांनी लावलेलं झाड मोठं व्हायला किती पावसाळे गेले, ते तुम्ही पाहिलंय.

विकूच नका असं मी म्हणत नाही. दोघांनाही परत यायचं नाही हे पक्कं असेल, तर जाण्याआधी विकण्यात एक फायदा आहे: ग्रामीण शेतजमिनीच्या नफ्यावर इथे कर नाही, पण तिकडच्या रहिवासी झाल्यावर विकली तर अमेरिका त्या नफ्यावर कर लावू शकते. मात्र वारसाच्या मालमत्तेला तिकडे वडील वारले त्या वेळचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरतात, म्हणजे कर फक्त त्यानंतरच्या वाढीवर. त्या तारखेचा भाव मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून आत्ताच लेखी करून घ्या. एवढा कागद हातात असला की कराच्या धास्तीने घाईघाईत विकायची वेळ येणार नाही.

म्हणून बागेचा निर्णय महिने मोजून नाही, टप्पा बघून घ्या. नॅशनल व्हिसा सेंटरकडून 'कागद पूर्ण' आल्याशिवाय इसाराचं बोलणंच नको. तोवर आंबा एकेका हंगामापुरता खंडाने द्या, पैसे मोहोराच्या वेळी निम्मे आणि तोडणीआधी निम्मे. कल्टार (मोहोर लवकर आणि भरपूर यावा म्हणून झाडाला घालतात ते औषध) घालायचं की नाही हे करारात लिहा. एका वर्षाचा खंडकरी झाडाकडून जास्तीत जास्त काढून घ्यायला बघतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही, लिहून घेण्यात आहे. नोकरीही तशीच. मेडिकल झाल्यावर मिळणारा व्हिसा बहुधा सहा महिन्यांपर्यंत चालतो, तेवढ्यात राजीनामा आणि नोटीस दोन्ही बसतं. पासपोर्टवर शिक्का येईपर्यंत पगार चालू ठेवा.

एफडी पाच वर्षांसाठी अडकवू नका. सहा, बारा, अठरा महिन्यांच्या तीन करा, तिकडचं पहिलं भाडं आणि डिपॉझिट त्यातूनच जाणार आहे. फंडांची एसआयपी थांबवा आणि विमानात बसण्याआधी सगळे युनिट विका. भारतीय म्युच्युअल फंडांवर अमेरिकेचा कर फार जाचक आहे, आणि दरवर्षीच्या फॉर्मचा खर्चच नफा खाऊन टाकतो. थोडे मार्चअखेर आणि थोडे एप्रिलमध्ये विकलेत तर सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याची सूट दोन वर्षं मिळेल.

भावालाही पुढे बोलावून घेऊ असं तुम्ही लिहिलंय. भावंडांच्या रांगेत भारतासाठी २०२५ मध्ये २००६ सालचे अर्ज चालू होते, आणि तुम्हाला तो अर्ज करायला आधी नागरिक व्हावं लागेल. त्याने त्याचं घर इथेच बांधावं.

बुधवारी गिऱ्हाईक येणार आहे. त्यांना चहा द्या आणि सरळ सांगा, आमचे कागद पूर्ण झाले की आधी तुम्हालाच विचारू, आज इसार घेत नाही. त्यांनी भाव वाढवला तरी त्या दिवशी सही करू नका, नवा मसुदा मला पाठवा. आणि त्याच संध्याकाळी यजमानांसोबत बसून २०२१ पासूनच्या रिटर्नच्या प्रती शोधायला घ्या.