'शांतता प्रस्थापना' की सलोखा?

प्रश्न असा आला आहे: पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधल्या यादवीनंतरच्या काळावरचा एक लेख मराठीत आणताना 'पीसबिल्डिंग' या शब्दापाशी गाडी अडली. 'शांतता प्रस्थापना', 'शांतिनिर्माण' असे पर्याय समोर आहेत. कोणता घ्यावा? आणि मुळात 'शांती' म्हणावे की 'शांतता'?

शेवटून सुरुवात करतो. मराठीत शांती एक तर मनाची असते, नाही तर विधीची: वास्तुशांती, ग्रहशांती. शांतता बाहेरची असते. वाचनालयात आणि दवाखान्यात 'शांतता राखा' ही पाटी असते, आणि दंगलीनंतर पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बसते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ठरलेले वाक्य असते, 'परिसरात तणावपूर्ण शांतता आहे.' हे वाक्य मला फार बोलके वाटते. मराठीत शांतता तणावपूर्ण असू शकते. 'तणावपूर्ण सलोखा' मात्र कुणी म्हणणार नाही, तसे म्हटले तर ऐकणारा अडखळेल.

नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी नेमका हाच भेद मांडला होता. नुसती हिंसा थांबली ती नकारात्मक शांतता, हिंसेची कारणेच दूर झाली ती सकारात्मक. १९७०च्या दशकात त्यांनी कामाचे तीन भाग पाडले: भांडणाऱ्यांच्या मध्ये उभे राहणे, त्यांच्यात तह घडवणे, आणि पुन्हा भांडण पेटू नये असा समाज व कारभार उभा करणे. पहिल्या कामाला 'शांतिसेना' हा शब्द श्रीलंकेत आपले सैन्य गेले तेव्हापासून रुळला आहे. दुसऱ्याला 'तह' आणि 'वाटाघाटी' आहेत. अडचण तिसऱ्याचीच, आणि तेच 'पीसबिल्डिंग'.

'तह' या शब्दाजवळ थोडे थांबू या, कारण त्याची स्मृती मराठी माणसाइतकी कुणाला नसेल. पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले आणि १६७०पासून ते परत घ्यायला सुरुवात झाली. 'युद्धात जिंकले, तहात हरले' हे आपण आजही म्हणतो. तह राज्यकर्त्यांमध्ये होतो, गावाला त्यात कुणी विचारत नाही. सिएरा लिओनचा लोमे करार हा असाच तह होता. मार्च १९९१मध्ये रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंटचे बंडखोर लायबेरियातून कैलाहून जिल्ह्यात घुसले आणि यादवी सुरू झाली. ७ जुलै १९९९ला टोगोची राजधानी लोमे इथे करार झाला. त्यात बंडखोरांचा म्होरक्या फोडे सांको याला उपाध्यक्षाचा दर्जा, खनिज संपत्तीच्या आयोगाचे अध्यक्षपद आणि माफी मिळाली. ज्या हिऱ्यांच्या पैशावर लढाई चालली होती, त्याच संपत्तीवर त्याला बसवले. मे २०००मध्ये बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांचे सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस धरले आणि तह मोडला. कैलाहूनमध्ये दोनशेहून अधिक भारतीय जवान वेढ्यात अडकले होते. जुलैमध्ये ऑपरेशन खुकरी करून त्यांना सोडवावे लागले. युद्ध संपल्याची घोषणा झाली ती जानेवारी २००२मध्ये.

तिसरे काम खरे तिथून सुरू झाले. तोवर सत्तर हजारांवर लढवय्यांची शस्त्रे उतरवण्यात आली होती, आता कारभार उभा करायचा होता. राष्ट्राध्यक्ष सियाका स्टीव्हन्स यांच्या राजवटीत, १९७२ साली, जिल्ह्यांच्या निवडून दिलेल्या परिषदा मोडीत काढून सगळी सत्ता राजधानी फ्रीटाउनला नेली होती. २००४मध्ये कायदा करून त्या परत आणल्या. याला 'शांतता प्रस्थापना' म्हणणे मला पटत नाही. 'शांतता प्रस्थापित झाली' म्हटले की मराठी कानाला जमावबंदी आणि पोलिसांची गस्त ऐकू येते. शिवाय आपल्या राजकारणात 'प्रस्थापित' म्हणजे वर्षानुवर्षे सत्तेला चिकटलेले लोक, आणि सिएरा लिओनमधल्या तरुणांचा राग नेमका तशांवरच होता. या कामाला मराठीत नेमका वाक्प्रचार आहे: विस्कटलेल्या कारभाराची घडी बसवणे. 'गव्हर्नन्स'लाही मी 'सुशासन'ऐवजी 'कारभार' म्हणेन. 'शासन' म्हणजे सरकारही आणि शिक्षाही, 'कारभार'मध्ये ती गल्लत होत नाही.

पण घडी कारभाराची बसते, माणसांची नाही. २००७ साली तिथे 'फॅम्बुल टोक' नावाचे काम सुरू झाले. क्रिओ भाषेत त्याचा अर्थ घरातली बोलणी. संध्याकाळी गाव शेकोटीभोवती बसते. ज्याच्यावर अत्याचार झाला तो उभा राहून सांगतो, ज्याने केला तो कबूल करून माफी मागतो. 'यादवी' हा शब्द आपण आपसात लढून संपलेल्या यादवकुळावरून घेतला. त्या यादवीनंतर बोलायला फारसे कुणी उरलेच नव्हते. इथे उरलेल्यांनी बोलण्यालाच घराचे नाव दिले. म्हणूनही मला इथे 'शांतता' नको वाटते. या गावांनी गप्प बसून शांतता राखली नाही, बोलून ती मोडली.

यासाठी माझा शब्द 'सलोखा'. 'समेट' का नाही? समेट एका बैठकीत होतो, सलोख्याने रोज राहावे लागते. 'समेटाने राहतात' असे आपण म्हणत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३मध्ये शेतजमिनीच्या अदलाबदलीची योजना आणली तिचे नाव 'सलोखा' आहे. एकाच्या नावची जमीन दुसरा बारा-बारा वर्षे कसतो आहे, अशी भांडणे नाममात्र शुल्कात मिटवण्यासाठी. शेताच्या बांधापासून यादवीपर्यंत हा शब्द ताणला तरी तुटत नाही.

एक धोका मात्र आहे, आणि अनुवादात तो जपावा. 'सलोख्याने घ्या' हे आपल्याकडे बहुतेक वेळा ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच सांगितले जाते. लोमेच्या माफीवर संयुक्त राष्ट्रांनी सही करताना नोंद केली होती की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. पुढे २००२मध्ये या युद्धातल्या गुन्ह्यांसाठी विशेष न्यायालय उभे राहिले, तेव्हा या भूमिकेला बळ आले. जिथे मूळ लेखात खटले आणि शिक्षा यांचा विषय असेल तिथे 'सलोखा' घालू नका, सरळ 'न्याय' लिहा.

तेव्हा शीर्षकात किंवा संस्थेच्या नावात एकच पारिभाषिक शब्द हवा असेल तर 'शांतताउभारणी' चालेल, 'उभारणी'त निदान वेळ आणि मेहनत आहे. मजकुरात मात्र, 'करारानंतर कारभाराची घडी बसवणे आणि गावागावांत सलोखा घडवणे' असे मोकळे लिहावे. आणि 'शांतिसेना', 'शांतिसैनिक' यांत 'ति' ऱ्हस्वच ठेवा.