मोडीच्या कागदांत रमलेली लेक आणि बाबांची काळजी

नमस्कार दादा,

तुमचा मेल तीन वेळा वाचला. उत्तर द्यायला आठवडा लागला कारण घाईघाईत काहीतरी लिहून पाठवावं असं हे मॅटर नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. दादा कराडचे, साखर कारखान्यात क्लार्क. लेक बारावी सायन्सला, दहावीला ९१ टक्के. गेल्या मे महिन्यात आजीची ट्रंक आवरताना फडक्यात बांधलेलं जुन्या कागदांचं गाठोडं निघालं, सगळे मोडीत, घरात कुणालाच वाचता येईनात. पोरीने सुट्टीत दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला आणि तेव्हापासून रात्री दोन-दोनपर्यंत भिंग घेऊन त्या कागदांपुढे बसते. क्लासच्या टेस्टमधले मार्क घसरलेत. आता म्हणते इंजिनीअरिंग नको, पुण्याला जाऊन बीए करते, इतिहास घेते. आई रडते, काका म्हणतात मोबाईल काढून घ्या, आणि दादांचे दोन प्रश्न आहेत, यात पोट भरेल का, आणि हे वेड किती दिवस टिकेल.

दादा, आधी दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्यावरच अवलंबून आहे.

तुमच्या मेलनंतर मी तिच्याशी पाऊण तास बोलले, आणि आता जे सांगतेय ते तिला विचारूनच सांगतेय. तिने मला वहीच्या पानाचे फोटो पाठवले. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग बोरू शक्य तितका न उचलता त्या रेघेला अक्षरं लटकवत जातात, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचं. तिच्या वहीत एका ओळीच्या खाली तीच ओळ नऊ वेळा लिहिलेली होती, प्रत्येक वेळी वेगळी तोडून. शेवटच्या ओळीला बारीकशी टिक. बस्स, मला तिथेच कळलं की हा टाइमपास नाही.

आणि तो 'छ'. एका कागदाच्या शेवटी सुटा 'छ' होता आणि तो तिला चार दिवस छळत होता, आधी वाटलं कुणाच्या नावाचं अक्षर असेल, मग वाटलं चूक असेल, मग कळलं की हा चंद्राचा छ, म्हणजे पुढे येणारी तारीख मुसलमानी चांद्र महिन्याची, छ ५ रजब. वर्ष होतं सलास अशर मयातैन व अलफ. हे अरबी आकडे, तीन, दहा, दोनशे आणि हजार. म्हणजे सुहूर सन (जुन्या मराठी कागदांवरची कालगणना) १२१३, म्हणजे इसवी सन १८१२-१३. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं म्हणून त्याला मृगसालही म्हणतात, हे मला तिनेच सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज असा झाला होता की मी लिहून घ्यायचं थांबवून नुसती ऐकत बसले. कागद कसला होता तर बैलजोडीसाठी घेतलेल्या कर्जाचा. त्यात तुमच्याच घराण्यातल्या एका बाईचं नाव आहे, नवरा वारलेला, कर्ज तिच्या नावावर. पोर मला म्हणाली, "मॅडम, हिचं नाव दोनशे वर्षांत कुणी घेतलंच नसेल, मी मोठ्याने वाचलं तर आई म्हणाली झोप आता." हे बोलताना ती रडली. दादा, आईंना दोष देत नाहीये, रात्री दीड वाजता कुठलीही आई तेच म्हणेल. पण तुमच्या लेकीला काय झालंय हे तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं. तिला जाणून घ्यायची भूक लागलीय, आणि ज्या माणसांना ती कधी भेटणार नाही त्यांच्याबद्दल माया वाटायला लागलीय. सतराव्या वर्षी हे दोन्ही एकदम होणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मी इतकी वर्षं मुलांशी बोलतेय, बहुतेक मुलं समोर बसून म्हणतात मॅडम मला कशातच इंटरेस्ट नाही, आणि त्यांचे आईबाप ९५ टक्क्यांची मार्कशीट घेऊन शेजारी बसलेले असतात. ती केस सगळ्यात अवघड असते, तुमची नाही.

तुम्ही मेलमध्ये जाता जाता एक वाक्य लिहिलंय. आषाढीला रजा मिळाली नाही तर बिनपगारी जातो पण वारी चुकवत नाही, बावीस वर्षं झाली. आता बघा, त्या बिनपगारी दिवसांचा हिशोब तुम्हाला कुणी विचारला तर काय सांगाल? वारीने पोट भरतं का असं तुम्हाला कुणी विचारत नाही कारण सगळ्यांना दिसतं की वर्षाचे बाकीचे दिवस माणूस त्याच्या जोरावर काढतो. लेकीचंही तसंच काहीतरी सुरू झालंय, तिला ते कागदांत सापडलं एवढंच.

आता पोटाचं. इथे मी गोड बोलणार नाही.

नुसतं मोडी येतं म्हणून महिन्याला पक्का पगार देणाऱ्या जागा फार कमी आहेत. राज्याच्या पुराभिलेख खात्याची दफ्तरं मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा ठिकाणी आहेत, एकट्या पुण्याच्या पेशवे दफ्तरातच कोट्यवधी कागद आहेत, पण माणसं भरायच्या जाहिराती क्वचित निघतात. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एमए, नेट, पीएचडी, आणि त्यानंतरही कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काढतात, हे तिला आजच माहीत असायला हवं. दुसऱ्या बाजूला, मोडी वाचणारी माणसं इतकी कमी उरलीत की लागतात तेव्हा धावाधाव होते. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा ठिकठिकाणच्या सरकारी ऑफिसांत जुनी रजिस्टरं होती आणि वाचणारा माणूस शोधावा लागत होता, तुमच्याकडेही बघितलं असेल तुम्ही. जमिनीच्या दाव्यात, वतनाच्या, देवस्थानाच्या केसमध्ये मोडी कागदाचं लिप्यंतर लागतंच. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात भोसल्यांच्या काळातले मोडी कागद आहेत, म्हणजे काम महाराष्ट्रापुरतं पण नाही. आणि २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत आली, हस्तलिखित मोडी कॉम्प्युटरला वाचायला शिकवायचे प्रयत्न चालू आहेत, तिथे गणित आणि मोडी दोन्ही येणारं पोरगं मिळणं मुश्किल. म्हणून बारावीचं गणित तिने अजिबात टाकू नये, हे मी तिला फोनवर दोनदा बजावलंय.

तिला मी इतिहाससंशोधक राजवाड्यांबद्दल सांगितलं, आणि लगेच सावधही केलं. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरचे, ट्रंकांतले कागद गोळा करायचे, वाईला मिळालेल्या कागदांवरून १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, १९२६ मध्ये गेले तोपर्यंत तेच चालू. बायको तरुणपणीच गेली, पुन्हा लग्न केलं नाही, संसार असा राहिलाच नाही. तिचे डोळे चमकले. मी म्हटलं थांब, हा एक रस्ता झाला, आणि तो तू धरावास असं मला वाटत नाही. वासुदेवशास्त्री खरे मिरजेत शाळेत संस्कृत शिकवत होते, आणि पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातले कागद निवडून छापायचं एवढं मोठं काम त्यांनी ते मास्तरपण सांभाळूनच सुरू केलं. मिरज तुमच्यापासून किती लांब, दोन तास. आणि गोविंद सखाराम सरदेसाई तर बडोद्याला सयाजीराव महाराजांकडे पस्तीसहून जास्त वर्षं नोकरीत, नोकरी करता करता मराठ्यांचा इतिहास लिहीत राहिले, १९२५ ला रिटायर झाले आणि पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या हातून त्यानंतर निघाले, १९३० ते ३४ मध्ये, म्हणजे साठी उलटल्यावर. मला स्वतःला राजवाड्यांपेक्षा खरेशास्त्रीच जास्त जवळचे वाटतात, दिवसभर पोरांना शब्दरूपं घोकून घ्यायची आणि मग घरी येऊन कागदांचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेली गाठोडी, सोडायचे, याला जी चिकाटी लागते ती कुणाला दिसत नाही.

तर माझं म्हणणं असं. बारावीपर्यंत काही ठरवू नका, तुम्ही पण नाही आणि तिने पण नाही. रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा एक तास कागदांचा, तो तास तिचा, त्यात कुणी टोमणा मारायचा नाही, काकांनी तर मुळीच नाही. साडेदहाला भिंग ठेवायचं. तिला हे कबूल आहे. सीईटी द्यायची, मार्क किती पडतात ते पडू देत, पण रस्ता उघडा ठेवायचा.

दुसरं, तिला मी एक काम दिलंय. त्या गाठोड्यात चाळीसेक कागद नुसत्या जमाखर्चाचे आहेत, मीठ, तेल, जोंधळा, कुणाला किती पायली दिली, त्यात ना लढाई ना कुणाची गोष्ट. ते सगळे वाचून वहीत उतरवायचे, बारावीनंतरच्या सुट्टीत. बैलजोडीसारख्या गोष्टीच्या कागदात रमणं सोपं असतं, खरं काम नव्वद टक्के मीठ-तेलाचंच असतं. चाळीस कागदांनंतरही ती मला एकेचाळिसाव्याबद्दल विचारत असेल तर पुण्याला बीएला घालावी असं मी तुम्हाला डोळे झाकून सांगेन. कंटाळली तर तेही चालेल, तिची फसवणूक होणार नाही, इंजिनीअरिंगची अ‍ॅडमिशन तिथेच आहे.

बीएला गेलीच तर सोबत काय जोडायचं ते मी सांगेन, फारसी आणि इंग्रजी पक्की करणं पहिलं, मग एमए, जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर सध्या महिना ३७ हजार मिळतात. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराचा कागदपत्रं जपायचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे तो एक चांगला. ग्रंथालयशास्त्र किंवा एलएलबी यातलं काहीतरी हाताशी असावं, मोडी येणारी वकील ही तर तुमच्या भागात फार कामाची. बीएला गेल्यावर स्पर्धा परीक्षा द्यायची असंही घरातल्यांना वाटेल, ते तिच्यावर लादू नका, ती स्वतःहून म्हणाली तर बघू.

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं एकदा रात्री तिच्या शेजारी बसा आणि त्या बैलजोडीच्या कागदावरचं नाव तिला परत वाचायला लावा.

आणि एक घाईचं. तिने सांगितलं की फाटलेल्या दोन कागदांना घरात कुणीतरी सेलोटेप लावलीय आणि बाकीचे लॅमिनेट करून आणायचा विचार चाललाय. कृपा करून करू नका, डिंकाने कागद पिवळा पडून तिथेच तुटतो आणि लॅमिनेशन तर परत निघत नाही. लावलेली टेप ओढून काढू नका, आहे तशी राहू दे. बाकी सगळे धुतलेल्या सुती फडक्यात सैल बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आणि ट्रंक जमिनीवरून उचलून पाटावर ठेवा, पावसाळ्याच्या आधी.