एमडी-पीएचडीसाठी पदवीच्या चार वर्षांत काय करायचं

येत्या ऑगस्टमध्ये तू नाशिकहून अमेरिकेत जीवशास्त्राच्या पदवीला येते आहेस, पुढे एमडी-पीएचडी करून, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधन या दोन्ही पदव्या एकत्र घेऊन, डॉक्टर आणि संशोधक दोन्ही व्हायचंय, तर तयारी कशी करू, असं विचारलंस. मी याच वाटेने आले, म्हणून सगळ्यात अवघड गोष्ट आधी सांगते.

तू एफ-1 व्हिसावर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असशील. एमडी-पीएचडीच्या बऱ्याच जागांमागे एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा पैसा असतो. या पैशाची योजना 1964 पासूनची, पण तिचं अनुदान अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतं. आपल्याला स्वतःच्या निधीतून घेणारी विद्यापीठं थोडीच. त्यांची यादी दुसऱ्या वर्षीच कर आणि अर्जाआधी प्रत्येकाला ईमेलने विचार, कारण नियम बदलतात. आईबाबांनाही आत्ताच सांग. जागा मिळाली तर फी माफ आणि वर विद्यावेतन असतं. नुसत्या एमडीला मात्र काही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांना एक ते चार वर्षांची फी आधीच जमा करायला लावतात.

पहिलं सेमिस्टर अभ्यासात जम बसू दे, मग लॅब शोध. प्राध्यापकांचे दोन पेपर नीट वाच आणि मगच त्यांना चार ओळींची ईमेल लिही. लॅब मिळाली की दोन-तीन वर्षं तिथेच टिकून राहा. दर सुट्टीत नवी लॅब धरणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांना स्वतःचा असा प्रश्नच सापडत नाही. माझं दीड वर्ष एक प्रथिन शुद्ध करण्यात गेलं. दर वेळी ते साका होऊन तळाशी बसायचं. पेपर निघाला नाही. पण मुलाखतीत त्यावरच पाऊण तास बोलणं झालं: मीठ किती होतं, कंट्रोल कोणता, आता केलंस तर काय बदलशील? सगळं माझ्या हातून झालेलं, त्यामुळे उत्तरं पाठ करावी लागली नव्हती. अर्जात संशोधनावरच 10,000 अक्षरांचा निबंध असतो, त्यामुळे लॅबची वही पहिल्या दिवसापासून नीट ठेव. जिथे जिथे काम करशील, तिथल्या प्रमुखांचं शिफारसपत्रही लागेल.

दर आठवड्याला थोडा वेळ रुग्णांसाठी काढ. सुट्टीत नाशिकला ओळखीच्या डॉक्टरांकडे ओपीडीत बसलीस तरी इथला अनुभव वेगळा लागतोच.

एमकॅट ही इथल्या मेडिकल कॉलेजांची प्रवेशपरीक्षा 472 ते 528 गुणांची असते, एमडी-पीएचडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी 516 च्या आसपास. भारतातली ‘नीट’ (NEET) परीक्षा देऊन आलेल्यांना विज्ञान जड जात नाही, अडतं ते उताऱ्यांच्या भागात. तिथे विज्ञान नसतंच. कला, इतिहास, तत्त्वज्ञान यांवरचं इंग्रजी आतापासून रोज वाच.

तिसरं वर्ष संपताच अर्ज केलाच पाहिजे असं नाही. पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) वर्ष-दोन वर्षं लॅबमध्ये पूर्णवेळ काम करून मग अर्ज कर, असं मी तुला मनापासून सांगेन. पुढचा अभ्यासक्रमच साधारण आठ वर्षांचा आहे, शिवाय रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं पुढचं प्रशिक्षण. इतक्या लांबच्या वाटेवर एक वर्ष आधी निघण्याची घाई कशाला?

डिसेंबरमध्ये प्राध्यापकांना लिहायची ईमेल तयार झाली की पाठवण्याआधी मला दाखव.