‘मॅडम, नुसत्या मुलाखती घेतल्या तर संशोधन कच्चं ठरेल का?’

नवजात शिशू विभागात बारा वर्षं काढून एम.एस्सी. नर्सिंगला आलेल्या एक सिस्टर सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा प्रस्ताव, घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या. विषय कांगारू मदर केअर, म्हणजे कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं. आराखडा नेहमीचा: साठ आया, शिकवण्याआधी प्रश्नावली, शिकवल्यावर पुन्हा तीच. “मला खरं तर आयांशी बोलायचंय. पण आकडे नसले की परीक्षक कच्चं म्हणतात, असं सगळे सांगतात.”

ही भीती दर वर्षी कुणी ना कुणी घेऊन येतंच.

“वॉर्डात तुम्हाला खटकतंय काय?” मी विचारलं.

“आयांना सगळं माहीत असतं, मॅडम. आमच्यासमोर बाळाला छातीशी धरतात. घरी गेल्या की आठवड्यात बंद. का, ते कळत नाही.”

मग प्रश्नावलीत गुण वाढून हाती काय लागणार? तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा सोडवली तरी गुण वाढू शकतात. तुलनेला दुसरा गट नसेल, तर श्रेय शिकवण्याला द्यायचं की वॉर्डातल्या इतर सिस्टरांना, हे कसं ठरवणार? आकडे आहेत म्हणून ते पक्कं, असं मी मानत नाही.

जन्मल्याबरोबर कांगारू केअर दिल्यानं जास्त बाळं वाचतात का, या प्रश्नावरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतासह पाच देशांतली कमी वजनाची ३,२११ बाळं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली होती. २८ दिवसांतले मृत्यू लगेच सुरू केलेल्या गटात १२ टक्के, तब्येत स्थिरावल्यावर सुरू केलेल्या गटात १५.७ टक्के. तिथे तीच पद्धत हवी होती. ‘घरी का थांबतं’ हे मात्र आईच सांगणार.

पण मुलाखतींनाही काटेकोर शिस्त लागते, आणि आमचा खरा वेळ तिथे गेला. बाळ सांभाळणाऱ्या सिस्टरला आई “करते ना” असंच म्हणणार. म्हणून दुसऱ्या रुग्णालयातल्या आया घ्यायचं ठरलं. सासरी राहणारी, माहेरी आलेली, जुळ्यांची आई, अशा मुद्दाम वेगवेगळ्या. संमतीनं रेकॉर्डिंग, शब्दन् शब्द उतरवणं, दोघींनी स्वतंत्रपणे कोडिंग (म्हणजे उत्तरांतले मुद्दे ओळखून त्यांना नावं देणं), नवं काही निघेनासं होईपर्यंत मुलाखती. आणि जिनं घरीही चालू ठेवलं, तिला आवर्जून शोधायचं.

सरावाच्या पहिल्याच मुलाखतीत एक आई म्हणाली, “एकच खोली, त्यात सासरे, दीर. पदर कुठे सरकवू?”

पुढच्या भेटीत सिस्टरांच्या वहीत प्रश्नांच्या यादीत सगळ्यात वर लिहिलेलं होतं: घरात आडोसा आहे का?