घरच्या बाळंतपणाची तयारी : एका पहिलटकरणीस

ताई, माझे दुसरे बाळंतपण साताऱ्यात घरीच झाले, म्हणून घरच्या बाळंतपणाची तयारी कशी करावी हे आपण विचारले, ते सविस्तर लिहिते. गावची सुईण कितीही हातगुणाची असली तरी प्रशिक्षित मिडवाइफ वेगळी. रक्तदाब मोजणे, बाळाचे ठोके ऐकणे आणि न रडणाऱ्या बाळाला पिशवी-मास्कने (तोंडा-नाकावर मास्क धरून, पिशवी हाताने दाबून) श्वास देणे तिला येते का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, तेव्हा ते कशात आणणार हेही विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

जुळे, पायाळू बाळ, वाढलेला रक्तदाब, आधीचे सिझेरियन किंवा तीव्र रक्तक्षय असल्यास हा बेत सोडावा. शिवाय इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात घरी प्रसूती ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्क्यांना रुग्णालयात हलवावे लागले होते, त्यामुळे दवाखान्यात नाव नोंदवलेले असावेच. १०८ क्रमांक ठाऊक असणे पुरेसे नाही. जावळी-पाटणच्या डोंगरी भागात पावसाळ्यात दरड कोसळली तर कोणत्या रस्त्याने जायचे, गाडी कोण चालवणार आणि रक्तगट जुळणारे कोण सोबत येणार, हे आठव्या महिन्यातच ठरवावे. सासूबाईंना ही चर्चा अशुभ वाटेल. माझ्याही सासूबाईंना वाटली होती.

वार (प्लॅसेंटा) पडल्यावरही मिडवाइफने काही तास थांबावे, कारण अतिरक्तस्राव बहुधा तेव्हाच होतो. बाळाला हेपटायटिस-बीची लस २४ तासांत द्यावी आणि जन्मनोंद २१ दिवसांत करावी.