डोळ्यातल्या द्रवातल्या पोटॅशियमवरून मृत्यूची नेमकी वेळ सांगता येते का?

नेमकी नाही, अंदाजे. हा द्रव म्हणजे अश्रू नव्हेत. बुबुळाच्या मागे, भिंगापलीकडे भरलेला जेलीसारखा काचाभ द्रव, ज्याला शवविच्छेदनाच्या टेबलावर सगळे ‘व्हिट्रियस’च म्हणतात. एका डोळ्यात साधारण ४ मिली असतो. तो बंदिस्त असल्यामुळे रक्तापेक्षा उशिरा सडतो.

मृत्यूनंतर दृष्टिपटलाच्या पेशींमधलं पोटॅशियम हळूहळू त्यात झिरपतं. आता अहवालात १२ मिलिमोल प्रतिलिटर आलं असं धरा. स्टर्नर या न्यायवैद्यक संशोधकाच्या १९६३ च्या सूत्राने (७.१४ × पोटॅशियम − ३९.१) मृत्यूला साडेसेहेचाळीस तास होतात. मादेआच्या १९८९ च्या सूत्राने (५.२६ × पोटॅशियम − ३०.९) बत्तीस. नमुना एकच, फरक चौदा तासांचा! त्यात ही सूत्रं थंड देशांतली. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद खोलीत पडलेल्या देहात पोटॅशियम भराभर चढतं आणि सूत्र मृत्यूची वेळ मागे ढकलतं. म्हणून एकट्या पोटॅशियमवर मी वेळ सांगणार नाही.

बरीचशी गडबड नमुना घेतानाच होते. २० गेजची सुई डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून नेत्रगोलाच्या मध्याकडे घालायची आणि सिरिंजचा दट्ट्या अगदी सावकाश ओढायचा. जोर केला की दृष्टिपटलाचे कण सुटून येतात आणि पोटॅशियम खोटंच वाढतं. निघेल तितका सगळा द्रव घ्या, कारण मधलं आणि पटलाजवळचं प्रमाण सारखं नसतं. तपकिरी किंवा रक्ताळलेला नमुना पोटॅशियमसाठी बाद. दोन्ही डोळ्यांचे नमुने वेगळ्या नळ्यांत. ग्लुकोज आणि अल्कोहोलसाठी फ्लोराइडची नळी ठीक, पण त्याच नळीतून क्षार मोजू नका: त्यातलं सोडियम फ्लोराइड सोडियम वाढवतं, पोटॅशियम ऑक्झलेट पोटॅशियम. द्रव घट्ट असतो, सेंट्रिफ्यूज न करता (म्हणजे वेगाने गरगर न फिरवता) तपासणीच्या यंत्रात घातला तर यंत्राची नळी तुंबते. शेवटी तितकंच सलाइन डोळ्यात भरा, नाहीतर डोळे खोल गेलेले पाहून नातेवाईक हादरतात.

या द्रवाचा खरा उपयोग मृत्यूच्या कारणासाठी. ग्लुकोज मृत्यूनंतर घटतच जातं, त्यामुळे २०० मिग्रॅ प्रतिडेसिलीटरच्या वर सापडलं तर जिवंतपणी साखर बेफाम होती, हे जवळपास पक्कं. सोबत कीटोनही (चरबी जळताना बनणारे पदार्थ) तपासा. कमी ग्लुकोजवरून मात्र ‘साखर उतरून मेला’ असं लिहू नका. सोडियम १५५ मिलिमोल प्रतिलिटरच्या वर आणि युरियाही चढलेला असेल तर शरीर कोरडं पडलं होतं. सोडियम १३० च्या खाली आणि पोटॅशियम २० च्या वर? ते बहुधा कुजणंच.