'हाऊस' म्हणजे घर नव्हे

प्रश्न : टीचर नमस्कार. मी फोंड्याला इंग्लिशच्या ॲडव्हान्स क्लासला जाते. यंदा आम्हाला समरसेट मॉमची 'थिएटर' कादंबरी लावलीय, आठवड्याला दोन चॅप्टर घरी वाचायचे आणि क्लासात त्यावर इंग्लिशमधून बोलायचं. मी डिक्शनरी घेऊन बसते, एकेका पानाला अर्धा तास जातो, शब्द सगळे सापडतात पण माणसं नक्की काय बोलतायत तेच कळत नाही. ती ज्युलिया गोड बोलते ते खरं गोड की वरवरचं? कंटाळून आता वाटतं सिनेमा बघूनच भागवावं. काय करू?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : बाळा, तू अडलीयस ती जागा अगदी बरोबर आहे, कारण अख्खी कादंबरी त्याच्यावरच उभी आहे. ज्युलिया लॅम्बर्ट ही लंडनची मोठी नटी, वय शेहेचाळीस, नवरा मायकेल दिसायला देखणा पण नट म्हणून बेताचा, थिएटर मात्र उत्तम चालवतो. आणि ही बाई स्टेजवरून खाली उतरली तरी काम करायचं थांबत नाही, नवऱ्याशी, मुलाशी, तो हिशेब तपासायला आलेला तरुण पोरगा टॉम त्याच्याशी, सगळ्यांशी ती एकेक भूमिका करत असते. तोंडाने एक बोलते आणि लगेच पुढच्या ओळीत मनात काय म्हणते तेही लेखक देतो. तोंडातली भाषा रेशमासारखी, मनातली एकदम रोखठोक. तू दोन रंगांच्या पेन्सिली घे, बोललेलं एका रंगात नि मनातलं दुसऱ्या रंगात, एवढं एकच चॅप्टर करून बघ आणि मग मला सांग डिक्शनरी किती वेळा उघडावी लागली.

दुसरं, मनातल्या मनात वाचू नकोस, मोठ्याने वाच. हे मी आमच्या गावच्या तालमीत शिकले. जत्रेचं नाटक पालखी देवळात गेल्यावर, मध्यरात्र उलटली की उभं राहायचं ते उजाडेपर्यंत, आणि त्याच्या महिनाभर आधीपासून देवळाच्या अग्रशाळेत रोज रात्री तालमी. मी शाळेत होते, कोपऱ्यात वही धरून प्रॉम्प्टिंगला बसवलेली. एका मुलाला फक्त 'या, बसा' एवढंच वाक्य होतं, आणि तालीम मास्तरांनी ते त्याच्याकडून किती वेळा म्हणून घेतलं असेल! आधी म्हणाले पाहुण्याला म्हण, मग म्हणाले पैसे मागायला आलेल्या सावकाराला म्हण, मग ज्याने तुझ्या भावाला फसवलं त्याला म्हण. शब्द तेच दोन, पण तिसऱ्या वेळी त्याने ते म्हटले तेव्हा कंदिलाजवळ बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. भाषा म्हणजे काय हे मला त्या रात्री कळलं, पुढे कॉलेजात इंग्लिश घेतलं तेव्हाही तेच कामाला आलं.

ज्युलियाचं 'डार्लिंग' असंच म्हणून बघ. ती नवऱ्याला डार्लिंग म्हणते, इतरांनाही म्हणते, नाटकवाल्यांत तो शब्द अगदी रोजचा. माझ्या क्लासात एका मुलाने त्याचं 'प्रिये' केलं होतं, डिक्शनरीप्रमाणे चूक नाही, पण सीन तिथेच पडला. आपल्याकडे 'अगो बाय' म्हणतो ना, मायेनेही म्हणतो, चिडूनही, समोरच्याला वाटेला लावायलाही, ते त्याच्या जास्त जवळचं. तिथे कुठली माया आहे ते आधी आवाजाने ठरव, अर्थ आपोआप येतो.

आता धंद्यातले शब्द, यात सगळेच फसतात. 'हाऊस' म्हणजे घर नव्हे, तो प्रेक्षागृहात बसलेला प्रेक्षक, आपण हाऊसफुल्ल म्हणतो तेच हाऊस. 'नोटिसेस' म्हणजे पेपरात आलेली परीक्षणं, वकिलाची नोटीस नव्हे. 'प्रोड्यूस' म्हटलं की आपल्याला पैसे घालणारा आठवतो, पण त्या काळच्या इंग्लंडात नाटक बसवणाऱ्याला, म्हणजे आपल्या दिग्दर्शकाला प्रोड्यूसर म्हणत. 'ड्रेसर' म्हणजे आपल्या कपडेपटातलं माणूस, ज्युलियाची इव्ही तशी आहे, नि ती ज्युलियाशी जेवढी तोंडावर बोलते तेवढं बाकी कुणी बोलत नाही, तिची वाक्यं तर पाठच कर, इतकं जिवंत बोलीतलं इंग्लिश क्लासात मिळत नाही. मायकेल नट आणि मालक दोन्ही, हे गोव्याच्या माणसाला समजावून सांगायला लागू नये, आपल्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ स्वतः भूमिका करत आणि १९१८ साली निघालेली बलवंत संगीत मंडळीही चालवत.

एक गोष्ट मी दर वर्षी पोरांना आवर्जून सांगते. मॉम पॅरिसला जन्मला, त्याची पहिली भाषा फ्रेंच, आई तो आठ वर्षांचा असताना गेली, बाप दहा वर्षांचा असताना, आणि मग इंग्लंडला काकाकडे राहायला आला तेव्हा त्याच्या इंग्लिशला शाळेत पोरं हसायची, त्यात बोलताना अडखळायचा. तोच मुलगा मोठा झाला आणि १९०८ मध्ये लंडनात एकाच वेळी त्याची चार नाटकं चालू होती. १९३३ नंतर त्याने नाटकं लिहायची सोडली आणि १९३७ ला ही कादंबरी आली. म्हणजे पडद्यामागचं सगळं बघून, भोगून झाल्यावर लिहिलेलं आहे. इंग्लिश तुझ्यासारखंच त्यालाही बाहेरून शिकावं लागलं, म्हणून त्याचं वाक्य साधं आणि स्वच्छ असतं असं मला मनापासून वाटतं.

सिनेमा २००४ चा आहे, 'बीइंग ज्युलिया', ॲनेट बेनिंगने काम सुंदर केलंय. जरूर बघ, पण पुस्तक संपल्यावर, कारण सिनेमात ज्युलियाच्या मनातलं ते दुसऱ्या रंगातलं बोलणं बहुतेक चेहऱ्यावर गेलंय, आणि तुला भाषा शिकायचीय ती तर तिथेच आहे.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. क्लासात हीच कादंबरी आहे. लग्न झालेली बाई मुलाच्या वयाला जवळ असलेल्या पोराच्या नादी लागते असा विषय आहे म्हणे. या वयात हे वाचायला द्यावं का?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, द्या. तुमची काळजी मला समजते, पण यात चाळवायला लिहिलेलं काही नाही, आहे ते त्या बाईची फरफट आणि एकटेपण. तुमच्या मुलासाठी खरा भाग वेगळाच आहे. ज्युलियाचा मुलगा रॉजर, ईटनला शिकलेला, शेवटाकडे एकदा आईला समोर बसवून मनातलं बोलतो. तो म्हणतो त्याचा अर्थ असा, की तू रिकाम्या खोलीत गेलीस की मला कधीकधी दार एकदम उघडून बघावंसं वाटलंय, पण आत कुणीच नसलं तर, या भीतीने उघडलं नाही. मी हा उतारा कितीदा शिकवला असेल, अजून वाचताना घसा दाटतो. जमलं तर हे चॅप्टर तुम्ही दोघांनी मिळून वाचा, त्याने इंग्लिशमध्ये वाचावं आणि तुम्हाला मराठीत सांगावं. एवढ्याने त्याच्या इंग्लिशचं कळेल, आणि त्याला रॉजरबद्दल काय वाटतं तेही तुमच्या कानावर येईल.

प्रश्न : मी मडगावला शिकवतो. याच कादंबरीवर पोरांना समरी लिहायला सांगितली तर सगळी नेटवरून उचलून आणतात, वीस वह्यांत तेच वाक्य. दुसरं काय करून घेऊ?
– एक शिक्षक

उत्तर : सर, समरी बंद करा, तालीम लावा. शेवटाकडचा तो सीन घ्या जिथे एव्हिस नावाची तरुण नटी, जिच्यावर टॉमचा जीव जडलाय, तिचा महत्त्वाचा प्रवेश चालू असतो आणि ज्युलिया हातात मोठा लाल शिफॉनचा रुमाल घेऊन उभी राहते. रुमाल हलतो तशी सगळ्या प्रेक्षकांची नजर हलते, एव्हिसचे शब्द कुणाच्या कानात जात नाहीत. क्लासात खरा लाल रुमाल आणा, एक ओढणीही चालेल. एका मुलीने एव्हिस व्हायचं, एकीने ज्युलिया, आणि तिसऱ्याने बाजूला उभं राहून काय चाललंय ते इंग्लिशमध्ये सांगत जायचं, क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं, वर्तमानकाळात. पोरांच्या तोंडून इतकी क्रियापदं बाहेर येतात की फळा पुरत नाही. हे कॉपी करून आणताच येत नाही!

त्याच दिवशी 'अपस्टेज' हा शब्द सांगून टाका. जुनी रंगमंचं मागून पुढे उतरती बांधलेली असत म्हणून मागची बाजू अप. मागे सरकलेल्या नटाशी बोलायला दुसऱ्याला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते, त्यावरून एखाद्याला झाकोळून टाकणं या अर्थाने तो शब्द इंग्लिशमध्ये रोजच्या बोलण्यात आला. हे मुलांना उभं करून दाखवा, दोन मिनिटं लागतात, जन्मभर विसरत नाहीत.

आणि एक पान मराठीत किंवा कोंकणीत करायला द्या, पण पहिली अट अशी की अनुवाद वाचून दाखवायचा, लिहून द्यायचा नाही. जो बोलताना अडतो तिथे तो इंग्लिश वाक्यच मराठी शब्दांत घेऊन बसलाय हे त्याला स्वतःलाच ऐकू येतं. तुमच्या गावात जत्रेच्या नाटकात काम केलेलं कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना ऐकायला बोलवा, इंग्लिश येत नसलं तरी चालेल, वाक्य पडलं की उचललं गेलं हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही.

प्रश्न : 'थिएटर'च्या जोडीला मराठीत काय वाचावं?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : शिरवाडकरांचं 'नटसम्राट'. १९७० साली दि गोवा हिंदू असोसिएशननेच ते पहिल्यांदा रंगभूमीवर आणलं, डॉ. श्रीराम लागू अप्पासाहेब बेलवलकर होते. ज्युलियासारखंच तेही माणूस मेकअप उतरवल्यावर नाटकातच राहतं, पण तिच्या हातात अजून थिएटर आहे नि याच्या हातातून सगळं सुटलंय. आधी 'थिएटर' संपवा. शेवटच्या चॅप्टरमध्ये ज्युलिया एकटीच हॉटेलात जाऊन, दहा वर्षं तोंडाला न लावलेले बटाटे तळून मागवते, स्टेक आणि बिअरबरोबर. ते जेवण सावकाश वाचा, घाई करू नका, आणि मग 'नटसम्राट' उघडा.